दिलं की दिलं

१

लग्न करून या घरात आले तेव्हा घराची ओळख मला आधी कानांनी झाली. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि खालच्या मोठ्या खोलीत सासूबाईंचा बॅलेचा क्लास चालतो. मी सकाळी चष्म्याच्या दुकानात असते. लोकांचे नंबर तपासते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दुपारी घरी येऊन चहा टाकते, आणि चहाला उकळी येते त्याच सुमाराला खाली फाटक वाजतं. मग बूट काढल्याचे आवाज, मग कुजबुज, मग सासूबाईंची टाळी. त्या टाळीनंतर खिडकीतलं कबूतरसुद्धा गप्प बसतं असा माझा अनुभव आहे.

टाळीनंतर पियानो. तो वाजवतात मास्तर. सासूबाई तरुण होत्या तेव्हापासून हेच त्यांच्यासाठी वाजवत आलेत. कानांनी कमी ऐकू येतं, पण वाजवताना कधी चुकत नाहीत. चुकतात ते बोलताना.

मुली सासूबाईंना बाई म्हणतात आणि मला काकू. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि मी काकू. पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलंय म्हणून.

क्लास सुटला की सासूबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतात आणि मी त्यांच्या वरच्या. दोघींच्या मांडीवर साटिनचे बूट. ज्यांच्या टोकावर उभं राहून नाचायचं, ते. नवा बूट दगडासारखा कडक असतो. दाराच्या फटीत दाबायचा, पायरीवर आपटायचा, ओला हात फिरवायचा, तेव्हा कुठे तो पायाचं ऐकतो. रिबिनी शिवायचं काम माझ्याकडे आलं.

"बूट आणि सून, दोघांनाही आधी जरा आपटावं लागतं," पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या.

"आपटा की," मी म्हणाले. "मग रिबिनी पण तुम्हीच शिवा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग इतक्या हसल्या की हातातली सुई पडली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

शिवता शिवता त्या जुन्या प्रयोगांच्या गोष्टी सांगत. अर्ध्या तोंडाने, अर्ध्या हातांनी. नाचणाऱ्या माणसांची ही सवय मला नवी होती. पायांनी करायचं ते बसल्या बसल्या हातांनी करून दाखवायचं. दोन बोटं म्हणजे दोन पाय, तळवा उलटा झाला की गिरकी.

कानातल्याची गोष्ट मला फार आवडायची. मोठा प्रयोग, नाच ऐन रंगात, आणि त्यांच्या डाव्या कानातलं निसटून रंगमंचावर पडलं.

"मागून मुलींची रांग येणार होती. एखादीच्या पायाखाली आलं असतं तर पाय मोडला असता तिचा. आणि वाकून उचलायला मी काय झाडूवाली होते? राजकन्या होते मी."

"मग?"

"मग त्याच्यावरच पाय ठेवला आणि तिथल्या तिथे गिरक्या घेत राहिले. तळव्यात घुसलं ते. लोकांना वाटलं, काय पाय रोवलाय बाईने! टाळ्यांवर टाळ्या." आणि त्यांचा हात सहज डाव्या कानाकडे गेला. "तेव्हापासून हा नाच संपला की हात इथे जातोच. सांगून ऐकत नाही."

एकदा म्हणाल्या, थंडीच्या दिवसांत घोडागाडीतून थिएटरला जाताना पाय गवतात खुपसून बसायचो. नवरा तेवढ्यात कामावरून आला होता. दारातूनच म्हणाला, "आई, तुझ्या वेळी घोडागाड्या कुठल्या गं? बसने जायचीस तू. मला कडेवर घेऊन."

"अरे हो," त्या म्हणाल्या. "मग ती कोणाची आठवण?" आणि हसल्या.

तोही हसला. मी दोरा ओवत होते. दोरा ओवताना हसता येत नाही.

बोलणं संपलं की त्यांचे हात मांडीवर आणखी एक काहीतरी करत. उजव्या हाताची मूठ होई, आणि डावा हात त्या मुठीचं एकेक बोट हळूच उघडी. आधी करंगळी, शेवटी अंगठा. अंगठा सुटला की दोन्ही हात तसेच थांबत, जणू आता कुणीतरी काहीतरी म्हणणार आहे.

"हा कुठला नाच, आई?"

"हा?" त्यांनी हातांकडे पाहिलं, ते दुसऱ्याचे असावेत तसं. "हा द्यायचा राहिलाय."

२

द्यायचा म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. पावलं शिकवतात. ती कुणालाही, रोज, आरशासमोर, ओरडून. पण एखादा मोठा नाच शिकवत नाहीत, तो देतात. सासूबाईंच्या बाईंची ही रीत, आणि त्यांच्या बाईंचीही असेल. त्या दिवशी पियानो बंद. आरशावर पडदा ओढायचा, कारण आरशात पाहून नाचाचं फक्त बाहेरचं अंग कळतं. मुलीने पाठ करून उभं राहायचं आणि बाईंनी मागून तिच्या बरगड्यांवर हात ठेवायचे. दोघींचा श्वास एक होईपर्यंत थांबायचं. मग तो नाच एकदा, तसेच हात ठेवून, सावकाश. झालं. त्यानंतर देणारीने तो नाच पुन्हा कधी करायचा नाही. हातांनीसुद्धा नाही.

"दिलं की दिलं," सासूबाई म्हणत.

राजकन्येचा नाच त्यांनी टाचणीला दिला. टाचणी म्हणजे क्लासमधली सगळ्यात बारकी मुलगी. कायम चवड्यांवर, आणि बोलणंही टोकदार. नाव अर्थातच सासूबाईंनी ठेवलेलं. त्या दुपारी इतर मुलींना सुट्टी होती. मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. खालून काहीच आवाज नव्हता. या घरात दुपारी शांतता म्हणजे कुणीतरी चढ्या आवाजात बोलल्यासारखं वाटतं. मी जमिनीला कान लावला नाही. नुसती वाकले. खालून श्वास ऐकू येत होता, वर येणारा आणि खाली जाणारा, एकदम. खाली त्या दोघीच होत्या हे मला पक्कं माहीत होतं. फाटक मीच लावलं होतं. पण तो श्वास दोघींचा वाटत नव्हता. शाळेत प्रार्थनेआधी सगळा वर्ग मिळून श्वास घेतो ना, तसा होता.

फरशीखालून आवाज मोठा होऊन येतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

पुढच्या आठवड्यात टाचणीने तो नाच सगळ्यांसमोर केला. मी जिन्यातून पाहत होते. सुंदर केला. संपला तेव्हा तिचा हात डाव्या कानाकडे गेला.

बाईंचं पाहून उचललं असणार. मुलं खोकलासुद्धा उचलतात.

मग ती पायरीवर येऊन बसली आणि पाय माझ्या मांडीवर टाकला. "काकू, तळव्याला टोचतंय."

मी बूट काढून आतून हात फिरवला. शिवण तपासली. "काही नाहीये गं बुटात."

"बुटात नाही. कानातलं घुसलं होतं ना, तिथे."

"कोणाचं कानातलं?"

काचेवरची अक्षरं वाचायला सांगितली की काही गिऱ्हाईकं पाहतात, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. एवढं सोपं काय विचारतेय ही. "माझं. मग काय करणार? वाकून उचलायला मी काय झाडूवाली होते?"

मी तिचा पाय धरूनच राहिले. त्या पायाचा तळवा गुळगुळीत होता. मुलीचे कान टोचलेलेच नव्हते.

"बाईंनी सांगितली वाटतं तुला गोष्ट."

"कुठली गोष्ट?" टाचणी म्हणाली.

संध्याकाळी चहा घेताना मी सासूबाईंना म्हणाले, "ती कानातल्याची गोष्ट पुन्हा सांगा ना."

"कुठल्या कानातल्याची?"

"रंगमंचावर पडलं होतं. त्यावर पाय ठेवून तुम्ही..."

"काहीतरीच!" त्यांनी बशीत चहा ओतला. "मी कधी कानातलं घालून नाचले नाही बाई. पडलं तर केवढ्याला पडेल ते."

त्यांचा चेहरा अगदी निर्मळ होता. पुसलेल्या काचेसारखा.

३

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते जगात बिघाड दोनच असतात, एक तारेचा आणि दुसरा माणसाच्या वयाचा. "विसरायला लागलीय ती," तो म्हणाला. "आणि त्या पोरीने जिन्यात ऐकलं असणार." डॉक्टरही तेच म्हणाले आणि जेवणानंतर घ्यायच्या गोळ्या दिल्या. मीही मानलं. डोळा जे पाहतो त्यातलं अर्धं आपल्या पदरचं घालतो, हे मी रोज दुकानात बघते. पुसट अक्षर दाखवा, लोक छातीठोकपणे भलतंच वाचतात. ऐकणाऱ्याचंही तसंच होत असेल.

फक्त टाचणी लंगडायला लागली. थोडीशीच, नवी चप्पल लागल्यासारखी. तिच्या आईने पाय दाखवून आणला. पायात काही निघालं नाही.

मास्तर क्लास सुटल्यावर फाटकाजवळच्या बाकावर बसतात, मुलगा न्यायला येईपर्यंत. एक दिवस मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मास्तर, आईंना हल्ली आठवत नाही फारसं."

"काय म्हणतेस, सूनबाई?"

"आठवत नाही!" मी ओरडले. रस्त्याने जाणाऱ्या बाईने आमच्याकडे पाहिलं.

"हल्ली?" मास्तर म्हणाले. "अगं, ती कधीपासून वाटतच आलीय. बर्फात गाडी अडकली होती, तो दौरा एका नर्सबाईकडे आहे. पहिला प्रयोग वकिलाच्या मुलीकडे. लग्नाचा दिवससुद्धा गेला, त्या हंसाच्या नाचाबरोबर. नवरा होता तोवर तो सांगायचा, ही माना डोलवायची." बागेतली रोपं कुणाकुणाला दिली ते सांगावं, तसं सांगत होते. "तिने तरी कुठून आणलं होतं सगळं? काही तिच्या बाईंचंच."

"घोडागाडी," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

"त्या बाई शेवटी शेवटी खुर्चीत बसायच्या. हसऱ्या. नाव विचारलं तरी हसायच्या. फार हलक्या झाल्या होत्या. तुझ्या सासूने एकटीने उचलून नेलं त्यांना. रिकामी बादली न्यावी तसं."

मी फाटकाची कडी उघडली आणि पुन्हा लावली. "आता आईंकडे काय उरलंय?"

"पाळणा," मास्तर म्हणाले, आणि मला ऐकू येणार नाही अशा बेताने म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं हळू बोलायला लागली की समजावं. "मुलगी गेल्यावर बसवलेला. एकदाच केला. हात असे पुढे धरायचे, आणि हातांत काही नाही. प्रेक्षागृहात एक टाळी पडली नाही. लोक उठून निमूट घरी गेले."

ती मुलगी म्हणजे माझ्या नवऱ्याची ताई. वरच्या खोलीत कपाटावर तिचा फोटो आहे. पुढचा दात पडलेला, आणि त्याचाच आनंद झालेला. क्लासला खाली उतरण्याआधी सासूबाई रोज त्या काचेवरून अंगठा फिरवतात. नवऱ्याला विचारलं तर एवढंच म्हणाला, "तापात गेली. मी तान्हा होतो. आई त्यावर बोलत नाही, तूही काढू नकोस."

४

मी काढलं नाही. त्यांनीच काढलं. चहा पिता पिता म्हणाल्या, "या शुक्रवारी टाचणीला पाळणा देऊन टाकते."

माझा कप बशीवर जरा जोरात टेकला. "लहान आहे ती, आई."

"मी काय मोठी होते, मला द्यायला सुरुवात केली तेव्हा?"

"त्यात काय काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मलाच ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला असणार?" आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "काय गेलं ते मला कळत नाही गं, सूनबाई. काहीतरी गेलंय एवढं कळतं. रुमाल पडल्यासारखं. पण हे जात नाही. सकाळी डोळे उघडले की आधी ते असतं, मग मी. पूर्वी आजूबाजूला सामान होतं, त्यात खपून जायचं. आता सगळं दिलं आणि ते एकटं राहिलंय. रिकाम्या खोलीत बोललं की कसं घुमतं, तसं."

"तुम्ही ताईंना विसराल."

"हो."

"पूर्ण."

"हो म्हटलं ना!" आणि मग हळू आवाजात, "मी मेले की तशीही जाणार ती माझ्याबरोबर. तिला पाहिलेलं दुसरं आहे कोण? हा तान्हा होता, ते गेले. देऊन ठेवलं तर कुणाकडे तरी राहील तरी. माझ्याकडेच राहायला पाहिजे असं कुठे आहे?"

मला ते पटलं, हेच भयंकर होतं.

"आणि टाचणी?" मी म्हणाले. "आत्ताच लंगडतेय ती."

"नाचणाऱ्याला लंगडावंच लागतं," त्या म्हणाल्या. पण कप उचलायला गेल्या आणि हात मधेच थांबला. उजव्या हाताची मूठ झाली होती.

५

शुक्रवारी टाचणी आली ती लंगडतच. इतर मुलींना सुट्टी होती, मास्तरांनाही. सासूबाई आत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पडदा ओढल्याचा कड्यांचा आवाज मी ऐकला.

पायरीवर बसून मी तिच्या रिबिनी बांधत होते. जमेल तेवढ्या सावकाश. एकदा बांधली, सैल झाली म्हणून सोडली, पुन्हा बांधली.

"काकू, पाळण्यात रडायचं असतं का?"

"का गं?"

"बाई म्हणाल्या, रुमाल आण." तिने कमरेतून रुमाल काढून दाखवला. त्यावर पिवळी बदकं होती, एकामागून एक चाललेली. "हा चालेल ना? दुसरा धुवायला टाकलाय."

मी त्या बदकांकडे पाहत राहिले. मी भित्री आहे. झुरळ दिसलं तर नवऱ्याला फोन करते. लिफ्टवाल्याशी लग्न करूनही जिनाच चढते. तरीपण सांगते, त्या वेळी मी फार विचार केला नाही. विचार केला असता तर त्या बदकांचाच केला असता.

"छान आहे रुमाल," मी म्हणाले. "आता एक काम कर. वर गॅसवर दूध आहे. उतू जाईल. त्याच्यासमोर उभी राहा आणि मी हाक मारल्याशिवाय खाली यायचं नाही."

"दूध बघायला काय उभं राहायचं?"

"नाचणाऱ्या मुलीला सगळं उभ्यानेच करावं लागतं. पळ."

ती गेली. मी सपाता काढल्या आणि आत जाऊन दार लावलं.

खोलीत राळेचा वास होता. मुली बुटांना लावतात ती राळ, पाय घसरू नये म्हणून. पुढची भिंत पडद्याने झाकलेली, खिडक्या बंद, दुपारचा पिवळट उजेड फटींमधून आलेला. सासूबाई मधोमध उभ्या होत्या, डोळे मिटून. द्यायच्या आधी त्या डोळे मिटतात हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोर पाठ करून उभी राहिले.

हात आले. बरगड्यांना लागले आणि तिथेच थबकले.

"तू?"

"मी."

"अगं वेडे, तुला नाचता कुठे येतं?"

"पाळण्यात नाचायचं काय आहे? उभं राहायचं आणि बोटं उघडायची. रोज बघते मी."

"बूट नाहीत तुझ्या पायात."

"सून आहे," मी म्हणाले. "आपटून झालीय."

त्या हसल्या. किंवा रडल्या. पाठीला दोन्ही सारखंच लागतं. "तुझं अजून सगळं व्हायचंय गं," एवढंच म्हणाल्या, आणि हात काढतील असं मला वाटलं. मला तेच हवं होतं, हे आता लिहायला हरकत नाही. त्यांनी काढले नाहीत. बोटं घट्ट झाली. माणूस किती थकलंय ते त्याच्या पकडीत कळतं.

मग श्वास. त्यांचा लांब, माझा आखूड. माझा अडखळला, त्यांचा थांबला, वाट पाहू लागला. कधी एक झाला ते समजलं नाही. झाला तेव्हा खोली वर उचलल्यासारखी वाटली, आणि माझ्या ध्यानात आलं की श्वासाचा आवाज माझ्या मागे आहे, त्यांच्याही मागे आहे, आणि तिथून आणखी मागे, भिंत जिथे असायला हवी त्याच्या पलीकडेही आहे.

पडद्याची एक कडी अडकली होती. कडेला आरशाची चिंचोळी पट्टी उघडी होती. मी पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पाहिलं. त्या पट्टीत माझी बाजू दिसत होती आणि तिच्यावर सासूबाईंचा हात. त्यांच्यामागे उघडी जमीन. पण त्यांच्या काळ्या सदऱ्यावर, बरगड्यांशी, आणखी एक हात होता. म्हाताऱ्या बाईचा, बोटांत अंगठी रुतून बसलेली. आणि त्या हाताच्या मनगटामागे अंधार नव्हता. बाही होती. बाहीच्या मागे आणखी कुणाचीतरी बोटं होती.

मी डोळे मिटले. माझी मूठ आपोआप झाली होती. करंगळी आधी सुटली.

६

मुलीचा चेहरा तापाने तांबडा आहे. पडलेल्या दाताची फट दिसतेय, कारण ती तोंडाने श्वास घेतेय. तिने माझं बोट धरलंय. खाली हॉर्न वाजतो. मी म्हणते, येते हं लगेच. हॉर्न पुन्हा वाजतो. मी तिची बोटं सोडवते, एकेक करून, तिला वाईट वाटू नये म्हणून खेळ केल्यासारखी. शेवटी अंगठा. अंगठा गरम आहे. मग दिवे, आणि माझे पाय कधी नव्हते इतके हलके. त्या संध्याकाळी काही म्हणजे काही चुकलं नाही. ती गेल्याचा निरोप मध्यंतरातच आला होता, पण प्रयोग संपेपर्यंत मला सांगायचा नाही असं थिएटरवाल्यांनी ठरवलं. म्हणून मी पूर्ण नाचले. सुखात होते मी. यात सगळ्यात वाईट तो ताप नाही, मरणही नाही, हे सुख आहे.

ऐकलेलं असेल, असं नवरा म्हणाला असता, म्हणून त्याला सांगितलं नाही. मास्तरांना विचारलं, त्याच बाकावर बसून.

"त्या दिवशी खाली गाडीत हॉर्न कोण वाजवत होतं?"

ते लगेच ऐकू गेलं. ओरडावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. "हे तिच्यापाशीही मी कधी..." म्हणाले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "उशीर होत होता गं." त्या म्हाताऱ्या चेहऱ्यात मला गाडीच्या खिडकीतून वर पाहणारा मिशीवाला पोरगा दिसला. मी त्याला कधीच पाहिलेलं नाही. त्याचा तेव्हा किती राग आला होता, तेही मला आठवलं.

टाचणी रागावली होती चार दिवस. दूध उतू गेलं नव्हतं. मुळात पातेल्यात दूध नव्हतंच. आता बोलते. लंगडणं तेवढं आहे.

सासूबाईंची तब्येत सुधारलीय, असं सगळे म्हणतात. गोळ्यांचा गुण. झोप लागते, जिना भराभर चढतात, मुलींची थट्टा करतात. मांडीवर हात नुसते पडलेले असतात, माणसांचे असतात तसे. परवा दुकानात एका आजोबांना चष्मा द्यायचा होता. ते समोर ताटकळत उभे, आणि मी काउंटरवर आपली मूठ उघडत बसले होते. "बाई, दुखतंय का बोट?" त्यांनी विचारलं. नवरा मधूनमधून बाळाचं काढतो, चांगल्या शब्दांत, लाजत. मी म्हणते, बघू. त्याला काय सांगणार, की मला एक होतं?

काल दुपारी चहा टाकला. फाटक वाजलं. सासूबाई खाली जायला निघाल्या आणि कपाटापाशी थांबल्या. अंगठा सवयीने काचेवर गेला. तो तिथे का गेला ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी फोटो उचलला. उजेडात धरला.

"किती गोड आहे गं ही! दात बघ तिचा. कोणाची मुलगी?"

चहा उकळत होता. मी गॅस बंद केला.

"माझी," मी म्हणाले.

"काहीतरीच बोलतेस." त्यांनी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मनापासून, नीट. "तुझ्यावर नाही हो गेलेली जराही." फोटो माझ्या हातात दिला आणि गुणगुणत जिना उतरून गेल्या.

खाली टाळी वाजली. मी काच पुसली. मला एक लांब श्वास घ्यावासा वाटला आणि मी घेतला. बरगड्यांवरचे हात माझ्याबरोबर वर आले.